कोंबडचाल

टेकचंद पडद्यावर आला की प्रेक्षक त्याच्या बोलण्याची वाट पाहत नसत, चालण्याची वाट पाहत. टाचा उचलून, नुसत्या चवड्यांवर, कोपरं अंगाशी दुमडून, मान ताठ धरून तो असा टुकटुक निघायचा की थेटरात हशा पिकायचा. चेहऱ्यावर मात्र काही नाही. घरी कुणी वारलंय आणि याला अजून कळायचंय, असा तो कोरा चेहरा. लोकांनीच त्या चालीला कोंबडचाल हे नाव दिलं. बहात्तर साली ती पहिल्यांदा पडद्यावर आली आणि पुढच्या सात वर्षांत टेकचंदला सतरा चित्रपट मिळाले. कधी घरगडी, कधी हवालदार, कधी लग्न न जमलेला मामा. भूमिका बदलायची, चाल तीच राहायची.

ती चाल त्याच्या मनातून निघाली नव्हती. ती श्रावणची होती.

श्रावण म्हणजे डोंगरटोल्यातला त्याचा शेजारी. तुमसरच्या वर, जिथे सातपुड्याच्या टेकड्या लागतात, तिथलं हे सत्तर-ऐंशी घरांचं गाव. गावाच्या कडेला एका शेठची मँगनीज दळायची गिरणी होती. दगड आत जायचा आणि काळी भुकटी होऊन बाहेर यायचा. श्रावण त्या गिरणीत दहा वर्षं होता. मग हळूहळू त्याचं चालणं बदललं, चेहरा थिजला आणि भलत्या वेळी हसू यायला लागलं. सख्ख्या काकाच्या तिरडीपुढे तो हसला होता. गावानं ठरवलं की याला बाहेरचं काही लागलंय. अंगारे-धुपारे झाले. टेकचंद तेव्हा गावच्या दंडारीत, म्हणजे लोकनाट्यात, सोंगाड्याचं काम करायचा. सोंगाड्याचं काम म्हणजे माणसं बघणं, आणि त्यानं श्रावणला महिनोन् महिने बघितलं. पुढे तो मुंबईला गेला. श्रावण अडुसष्ट साली मेला, हे त्याला पोस्टकार्डावरून कळलं. पहिल्या चित्रपटात दिग्दर्शक म्हणाला, काहीतरी गंमत करून दाखव, तेव्हा त्याच्या अंगातून श्रावण चालत बाहेर आला.

एक गोष्ट तेवढी चित्रपटात नव्हती. श्रावणला मागे चालता येत नसे. गल्लीत समोरून बैलगाडी आली आणि त्यानं एक पाऊल मागे टाकलं, की तो तोडलेल्या ओंडक्यासारखा उताणा पडायचा. हात टेकायचंही भान नाही. टेकचंदनं तेही करून दाखवलं होतं, पण दिग्दर्शकानं हात वर करून थांबवलं. हे नको, तो म्हणाला, हे पाहून भीती वाटते.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात गिरगावातला एक कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे डॉक्टर पडद्यामागे आले. सह्या घेणाऱ्यांची गर्दी सरेपर्यंत ते कोपऱ्यात बसून राहिले आणि मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ही चाल तुम्ही कुणाची घेतलीत?"

टेकचंदनं हसत सांगितलं, गावाकडच्या एकाची.

"तो मँगनीजच्या धुळीत काम करत होता का?"

टेकचंदचं हसू तिथेच राहिलं. डॉक्टर पुढे म्हणाले, "आणि त्याला मागे चालता येत नव्हतं. होय ना?"

स्वतः कधी न पाहिलेल्या श्रावणची, चित्रपटातून काढून टाकलेली गोष्ट हा माणूस त्याला सांगत होता. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. ती बाधा नव्हे, आजार आहे. भुकटी श्वासातून आत जाते आणि मेंदूत बसते. मग चाल बिघडते, अक्षर बारीक होत जातं. पुढे गेल्यावर त्यावर औषध नाही. सुरुवातीलाच धुळीतून बाहेर काढलं तर माणूस कधी कधी आहे तिथेच थांबतो, क्वचित थोडा सुधारतोही. मात्र एकेक महिना मोलाचा असतो.

टेकचंद खोलीवर आला आणि त्यानं ट्रंक उघडली. धाकटा भाऊ जागेश्वर त्याच गिरणीत होता. नट झालेल्या टेकचंदचा भाऊ म्हणून शेठनं त्र्याहत्तर साली त्याला स्वतः बोलावून कामावर घेतलं होतं, आणि तेव्हा टेकचंदला त्याचा अभिमान वाटला होता. जागेश्वरची सहा वर्षांची पोस्टकार्डं त्यानं तारखेप्रमाणे पलंगावर मांडली. पहिल्या कार्डावरची अक्षरं चिंचोक्याएवढी होती. ती वर्षावर्षानं बारीक होत गेली होती. शेवटच्या कार्डावर मुंग्या चालल्यासारख्या ओळी होत्या आणि खाली अर्धं कार्ड कोरं होतं. जागा वाचवतो, असं टेकचंद इतके दिवस समजत होता. मग हे कोरं अर्धं कार्ड कशासाठी?

गावानं त्याचा सत्कार ठरवला होता. सत्काराला आठ दिवस असतानाच तो निघाला.

फाट्यापासून गावापर्यंत त्याला नेण्यासाठी डफडी आली होती. पुढे शाळेतली पोरं, तीसचाळीस तरी असतील, सगळी चवड्यांवर, कोपरं दुमडून, मान ताठ. पूर्वीचा टेकचंद असता तर त्यानं एकेकाला थांबवून, कोपर असं नाही, असं, म्हणून शिकवलं असतं. आज त्याला ती रांग बघवेना. तरी त्यानं बारकाईनं बघितलं. पोरं दहा पावलं टाकायची, मग टाचा टेकायच्या, मग खिदळायची. नक्कल दमते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पोरांच्या मागून जागेश्वर आला. तोही कोंबडचालीनं. लोकांनी टाळ्या पिटल्या. आला पाहा लहाना टेकचंद, सरपंच पुंडलिकराव म्हणाले, आमच्या गिरणीवर तर आता चार-पाच टेकचंद झाले आहेत. सगळे हसले. जागेश्वर पाया पडायला वाकला आणि उठताना टेकचंदच्या दंडाला धरून उठला. पोरं दमली होती. जागेश्वर दमला नव्हता. घरापर्यंत पाऊण मैल तो तसाच चवड्यांवर चालत आला.

त्या दिवसापासून टेकचंद भावाला बघत राहिला, जसा एके काळी श्रावणला बघायचा. पण तेव्हा बघण्यात मजा होती, आता नव्हती. जागेश्वर भाकरीचा तुकडा तोंडाशी नेताना मध्येच थांबायचा. विडी पेटवायला तीन काड्या लागायच्या. टेकचंदनं सहज म्हणून विचारलं, पाय दुखतात का, तर तो म्हणाला, लोकायले मजा येते म्हणून करतो गा. आणि हसला. ते हसू तोंडावर राहून गेलं, दाराची कडी लावायची विसरावी तसं. प्रत्येक खुणेला काहीतरी कारण निघत होतं. थंडी आहे, काम जड आहे, जागेश्वर लहानपणापासून नकल्याच आहे. टेकचंद ती कारणं स्वतःच शोधून काढायचा आणि घटकाभर त्यांच्या आधारानं बसायचा.

खात्री करायला एकच गोष्ट पुरेशी होती. मागे चाल, एवढं म्हणायचं. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज संध्याकाळ व्हायची.

घरात हे जाणणारं आणखी एक माणूस होतं, पण ते त्याच्याशी बोलू शकत नव्हतं. जागेश्वरची बायको विमलाबाई. त्या भागात धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे मोठ्या दिरासमोर, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, समोर बसत नाही आणि त्याच्याशी थेट शब्द बोलत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. टेकचंदनं तिचा पूर्ण चेहरा पाहिला नव्हता आणि तिनं त्याला एक वाक्य ऐकवलं नव्हतं. काही सांगायचंच झालं तर ती ते गोठ्यातल्या गाईला सांगायची, म्हणजे ओसरीवर ऐकू येई.

चौथ्या दिवशी जागेश्वर गिरणीवर गेल्यावर ती गाईला पेंड घालत म्हणाली, "कपिले, दोन पावसाळे झाले. यायच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज मले लावून द्याव्या लागते. कोणाले सांगू नोको म्हणते. तू तरी कोणाले सांगशील?"

ओसरीवरच्या टेकचंदला उत्तर द्यायचीही सोय नव्हती. थोड्या वेळानं गोठ्यातून बादली ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. टेकचंद जागेश्वरला घेऊन शेतावर गेला. धान कापून झालं होतं, बांद्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, खुंट उभे होते. दोघं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर थांबले. आसपास कुणी नव्हतं. टेकचंदनं रात्रभर पाठ केलेलं वाक्य कसंबसं तोंडातून काढलं.

"जागेश्वर, चार पावलं मागं चालून दाखव."

"काहून?"

"दाखव म्हणतो ना."

जागेश्वर हसायला लागला. हसू थांबेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला त्यानं उचललेला हात गालाजवळ थरथरत होता. "म्हणजे तुले समजलं," तो म्हणाला आणि धुऱ्यावर बसला.

मग त्यानं सगळं सांगितलं. तो एकटा नव्हता. हिरालाल होता, भैय्यालाल होता, आणखी एक होता. श्रावणचं झालं तेव्हापासून गिरणीचा नियमच झाला होता. ज्याची चाल बिघडली त्याला मुकादम म्हणायचा, उद्यापासून येऊ नोको. न औषध, न विचारपूस. पण बहात्तरनंतर नवीच वाट सापडली. पाय चवड्यांवर जायला लागले की माणूस म्हणायचा, मी टेकचंद करून राहिलो. मुकादम हसायचा आणि निघून जायचा. कधी शेठ पाहुण्यांना घेऊन आले तर या चौघांना मुद्दाम चालून दाखवायला सांगायचे.

"तुह्या चालीनं वाचवलं गा आमाले, दादा," जागेश्वर म्हणाला. तो ते मनापासून म्हणत होता.

"वाचवलं नाही," टेकचंद म्हणाला. "त्या धुळीत धरून ठेवलं."

त्यानं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. उद्याच काम सोड, म्हणाला. जागेश्वर ऐकेना. मी सोडलं की बाकीच्या तिघांकडे बोट जाईल, त्यांची लेकरं आहेत. सत्कार होऊ दे, पोळ्यापर्यंत पाहू, म्हणाला. पोळ्याला नऊ महिने होते. शेवटी त्यानं टेकचंदचा हात आपल्या गळ्यावर ठेवून शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. बोटांखाली भावाची नस भराभर उडत होती. टेकचंदनं शपथ घेतली. घरी येताना त्याला स्वतःचीच शिसारी आली, कारण शपथ घेताना त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. हे सांगितलं तर त्या चालीला पुन्हा कोण हसणार होतं? आणि ती चाल सोडली तर टेकचंदजवळ दुसरं होतं तरी काय?

सत्कार दुपारी तीनला शाळेच्या पटांगणात झाला. आसपासच्या पाच-सहा गावांतली माणसं बैलगाड्यांनी आली होती. दोन तख्तपोस जोडून मंच केला होता. मधल्या खुर्चीवर गिरणीचे शेठ, बाजूला पुंडलिकराव. भाषणं लवकर आटोपली, कारण कुणाला भाषणं नकोच होती. चालून दाखवा, चालून दाखवा, असा गिल्ला सुरू झाला.

टेकचंद उठला. त्यानं टाचा उचलल्या, कोपरं दुमडली. हजार वेळा केलेली गोष्ट, पण आज प्रत्येक पावलाला त्याला वाटत होतं की टाचा पुन्हा खाली येणारच नाहीत. लोक हसत होते. मग कुणीतरी ओरडलं, जागेश्वरले बी चढवा. दोन पोरांनी जागेश्वरला हाताला धरून मंचावर आणलं. दोघे भाऊ एकामागोमाग चालले. एक नट आणि एक आजारी, आणि समोरच्या हजार माणसांना त्यातला फरक कळत नव्हता.

पुंडलिकराव खुषीत आले. हातातला हार घेऊन ते तरातरा जागेश्वरच्या समोर गेले. जागेश्वरनं त्यांना जागा द्यायला एक पाऊल मागे टाकलं.

टेकचंद धावला, पण पोचला नाही. जागेश्वर ओंडक्यासारखा उताणा गेला. डोकं तख्तपोसावर आपटल्याचा आवाज माइकमधून सगळ्या पटांगणावर घुमला.

त्यावर जो हशा झाला तसा हशा टेकचंदनं कुठल्याच थेटरात ऐकला नव्हता. माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडत होती. टेकचंद गुडघ्यांवर बसला, भावाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं, माइक ओढला आणि म्हणाला, हसू नका. लोक आणखी हसले. तो म्हणाला, हा आजार आहे, मँगनीजच्या धुळीचा आजार आहे, श्रावण यानंच मेला. पोरं जमिनीवर लोळायला लागली. त्याचा तो कोरा चेहरा बघून लोक सात वर्षं हसत आले होते आणि आजही तोच चेहरा त्यांच्यासमोर होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. हसू कसं आणायचं हे त्याला येत होतं. ते थांबवायचं कसं, हे त्याला कधी शिकावं लागलं नव्हतं. जागेश्वरचे डोळे उघडे होते आणि तोही हसत होता, कारण त्याला ते हसू आवरता येत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं विमलाबाई उठली. ती माणसांमधून वाट काढत मंचावर चढली. चढताना तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला. तिनं तो वर घेतला नाही. साऱ्या गावादेखत, उघड्या डोक्यानं, ती भासऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"भाऊजी, लोकायले सांगा, हे नाटक नाही. दोन सालापासून मी माह्या हातानं कपडे चढवून देतो. यायले मागं सरकता येत नाही. बाजेवरून उठता येत नाही. तुमी सांगा. तुमचं नाही ऐकत त मी सांगतो."

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईच्या तोंडावरचं हसू आधी विझलं. मग तिच्या मागच्या बायकांचं. भासऱ्याशी उघड्या डोक्यानं बोलायची थट्टा त्या गावात कुणीही, कधीही केली नव्हती. तशी थट्टा होऊच शकत नव्हती. हे बायकांना एका क्षणात कळलं आणि त्यांच्याकडून पुरुषांना. हशा पटांगणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असा मावळत गेला, की शेवटी एकटा जागेश्वरच हसत होता, मान टेकचंदच्या मांडीवर, अगदी हळू.

त्या शांततेत टेकचंदनं डॉक्टरांचं सगळं बोलणं पुन्हा सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं, एकेक वाक्य. शपथ मोडली होती. शेठ हात जोडून, आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं पुटपुटत मंचावरून उतरले. त्यांना कुणी अडवलं नाही आणि कुणी वाटही करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकचंद जागेश्वरला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाला. सोबत विमलाबाई होती. फाट्यावर हिरालाल त्याच्या बायकोसह आधीच येऊन उभा होता. थोड्या वेळानं भैय्यालालही आला. चौथा आला नाही. टेकचंदनं निर्मात्याला लिहिलेलं पत्र टपालपेटीत टाकलं होतं की ही चाल यापुढे करणार नाही. त्यानंतर त्याला कामं मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण ते पुढचं झालं. त्या सकाळी त्याला निर्माता आठवतही नव्हता.

एस.टी. आली. चढताना वेळ लागला. वाहकानं टेकचंदला ओळखलं आणि जागेश्वरचे पाय बघून हसायला सुरुवात केली. मग मागच्या दोघांचेही पाय बघून त्यानं तोंड मिटलं, आणि स्वतः खाली उतरून तिघांना वर घेतलं.

टेकचंद आणि जागेश्वर एका बाकावर बसले, विमलाबाई समोरच्या. पदर पुन्हा डोक्यावर होता, पण चेहरा झाकलेला नव्हता. तिनं विचारलं, "भाऊजी, डाक्टर काय म्हणन?"

"मले नाही माहीत, बाई," टेकचंद म्हणाला. तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं.

जागेश्वरचा हात त्यानं आपल्या हातात घेतला. हात थरथरत होता. रस्ता खराब होता, खिडक्यांच्या काचा वाजत होत्या, बाकं हलत होती, टेकचंदचे स्वतःचे गुडघेही हलत होते. त्यातली गाडीची थरथर किती आणि भावाची किती, ते कळत नव्हतं. पुढच्या गावाची घरं दिसायला लागली. तिथे गाडी थांबणार होती, इंजिन बंद होणार होतं. टेकचंदनं हात आणखी घट्ट धरला आणि चालकाच्या पाठीकडे बघत राहिला. गाडी थांबू नये, असं त्याला वाटत होतं.